नॅसकारचा उंबरठा आणि टोयोटाचं ‘जुनं’ इंजिन

२००७ साली अमेरिकेतल्या शोरूममधून टोयोटा कॅमरी घेतली असती, तर बॉनेटखाली २.४ लिटरचं चार सिलिंडरचं किंवा ३.५ लिटरचं व्ही-६ इंजिन मिळालं असतं. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, वर हेडमध्ये कॅमशाफ्ट, पेट्रोल इंजेक्शनने, ताकद पुढच्या चाकांना. त्याच वर्षी ‘कॅमरी’ हेच नाव लावून जी गाडी डेटोनाच्या ओव्हलवर, म्हणजे अंडाकृती ट्रॅकवर उतरली, तिच्यात यातलं काहीही नव्हतं. बिडाचा ब्लॉक, आठ सिलिंडर, दर सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात, वर कार्बोरेटर, आणि ओढणारी चाकं मागची. हेडलाइटच्या जागी स्टिकर. असलं इंजिन टोयोटा तेव्हा कुठल्याच बाजारात विकत नव्हती. फक्त शर्यतीसाठी ते कोऱ्या कागदावरून आखावं लागलं.

टोयोटा नॅसकारमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या घरच्या स्टॉक-कार शर्यतींमध्ये, टिकली त्याचं मोठं कारण हेच, असं माझं मत आहे. परदेशी कंपनी घरच्या शर्यतीत शिरते तेव्हा बातम्यांमध्ये झेंडे, कामगार आणि देशाभिमान यांचीच चर्चा असते. प्रत्यक्षात निकाल ठरतो तो दोन गोष्टींवर. इंजिन कोणाच्या नियमांनी बांधलं, आणि ते कोणत्या टीमच्या हातात दिलं. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये निस्सान आणि मर्सिडीज, २०१४ मध्ये व्होल्व्हो उतरल्या आणि काही वर्षांत तिन्ही नावं गेली. तिथे त्यांना स्वतःचं आधुनिक इंजिन आणायची मुभा होती, आणि तीच त्यांच्या अंगाशी आली. त्याकडे नंतर येतो.

नॅसकारची स्थापना १९४८ ची. १९४९ मध्ये शार्लटला पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत झाली, म्हणजे दुकानातून घेतलेली गाडी जशीच्या तशी ट्रॅकवर. पन्नासच्या दशकात परदेशी गाड्या अधूनमधून दिसायच्याही. १३ जून १९५४ रोजी न्यू जर्सीतल्या लिंडन विमानतळाच्या धावपट्टीवर आखलेल्या शर्यतीत अल केलरने जॅग्वार एक्सके १२० चालवत जिंकून दाखवलं. गाडीचा मालक होता पॉल व्हाइटमन, त्या काळातला नावाजलेला बँडप्रमुख. त्यानंतर नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत परदेशी नावाची गाडी पुन्हा जिंकायला ५४ वर्षं लागली. मधल्या काळात नियम अमेरिकी बनावटीच्या गाड्यांपुरते झाले आणि मालिका शेवरोले, फोर्ड, डॉज, पॉन्टिअ‍ॅक यांची झाली. कॅमरी १९८८ पासून केंटकीतल्या जॉर्जटाउनच्या कारखान्यात बनत होती, त्यामुळे ‘अमेरिकेत बनलेली गाडी’ ही अट टोयोटाला कागदावर अडवू शकत नव्हती. लोकांच्या मनातली अट वेगळी होती, पण तपासणीच्या टेबलावर मनं मोजत नाहीत.

टोयोटाने थेट वरच्या मजल्यावर उडी मारली नाही, हे पहिलं शहाणपण. २००० मध्ये ती गुडीज डॅश या छोट्या गाड्यांच्या मालिकेत व्ही-६ बसवलेली सेलिका घेऊन आली. २००३ मध्ये रॉबर्ट हफमनने त्या गाडीवर तिथलं विजेतेपद घेतलं. २००४ मध्ये पुढची पायरी, पिकअप ट्रकची मालिका आणि टुंड्रा. ३१ जुलै २००४ ला मिशिगनला ट्रॅव्हिस क्वॅपिलने टोयोटाला ट्रकमधला पहिला विजय दिला. २००६ मध्ये टॉड बोडाइन टुंड्रावर ट्रक मालिकेचा विजेता झाला. त्याच वर्षी जानेवारीत कंपनीने जाहीर केलं की २००७ पासून कॅमरी सर्वोच्च मालिकेत धावेल.

ही सहा-सात वर्षं फक्त नाव कमवायला गेली नाहीत. नॅसकारमध्ये उत्पादकाला ब्लॉक, सिलिंडर हेड, इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) आणि बॉडीचे भाग आधी संघटनेकडे सादर करून मंजूर करून घ्यावे लागतात. एकदा मंजुरी मिळाली की मनात येईल तेव्हा बदल करता येत नाही. त्यामुळे पहिलाच नमुना चुकला तर चूक घेऊनच हंगाम काढावा लागतो. ट्रक मालिकेत चुका स्वस्तात करून घेता आल्या.

आता त्या इंजिनाकडे. ज्यांनी जुन्या बुलेटचं इंजिन उघडलेलं पाहिलंय त्यांना पुशरॉड समजावून सांगायला नको. अँबेसिडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनातही तेच होते. कॅमशाफ्ट खाली असतो, त्याच्या उंचवट्यावर टॅपेट बसतो, टॅपेट लांब दांडीला वर ढकलतो, दांडी रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. साधी, स्वस्त, दणकट रचना. पण बुलेटचं इंजिन पाच हजार आरपीएमच्या आसपास थकतं. नॅसकारचं ३५८ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ५.८७ लिटरचं इंजिन त्याच रचनेवर ९,००० च्या वर फिरतं, तेही तीन-साडेतीन तास.

हिशेब करून बघा. चार स्ट्रोकच्या इंजिनात व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. ९,००० आरपीएमला मिनिटाला ४,५०० वेळा, सेकंदाला ७५ वेळा. तीन तासांत एकेक व्हॉल्व्ह आठ लाखांहून जास्त वेळा उघडून बंद होतो. दरवेळी टॅपेट, दांडी, रॉकर आणि व्हॉल्व्ह एवढं सगळं वजन हलवून थांबवायचं आणि उलट फिरवायचं. हे काम व्हॉल्व्ह स्प्रिंगचं. स्प्रिंग मऊ असेल तर व्हॉल्व्ह वेळेत बसत नाही, हवेत तरंगतो आणि वर येणारा पिस्टन त्याला भेटतो. स्प्रिंग कडक केली तर कॅमच्या उंचवट्यावरचा दाब वाढतो आणि उंचवटा झिजतो. त्यात नियम असा होता की टॅपेटचं तोंड सपाट हवं, त्यावर रोलर नको. म्हणजे धातूवर धातू घासत जाणार. सपाट टॅपेटच्या इंजिनात पहिली काही मिनिटं महत्त्वाची असतात. कॅमला पुरेसं तेल पोहोचण्याआधी ते मंद गतीवर ठेवलं तर उंचवटे तिथेच खरवडले जातात. रोलर टॅपेटला नॅसकारने २०१५ मध्ये परवानगी दिली, तोपर्यंत सगळ्या कंपन्यांचे इंजिनवाले टॅपेटवरचे कठीण लेप, तेलाची जात आणि स्प्रिंगवर तेलाचा फवारा यांतच डोकं घालून बसले होते. स्प्रिंगवरचं तेल वंगणापेक्षा थंडाव्यासाठी जास्त. तापलेली स्प्रिंग ताण सोडते, आणि ताण सुटला की वर सांगितलेली भेट होते.

टोयोटाचे इंजिनवाले म्हणजे टीआरडी (टोयोटा रेसिंग डेव्हलपमेंट), कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाला. त्यांना उघड्या चाकांच्या इंडीकार शर्यतींची, उंच फिरणाऱ्या चार व्हॉल्व्हच्या इंजिनांची सवय होती. तिथून मागे वळून, ज्या रचनेवर शेवरोलेचे लोक पन्नास वर्षं बसले होते ती शिकणं म्हणजे नव्या पिढीच्या गवयाने आजोबांची चीज आजोबांच्याच घराण्यात जाऊन गाण्यासारखं. पण त्याचा फायदा असा की सगळ्यांचं इंजिन एकाच मापाचं असल्यामुळे ‘तुमचं वेगळं आहे, म्हणून तुमचं थोडं कमी करतो’ असं संघटनेला सहज म्हणता येत नव्हतं. एक अपवाद झाला, त्याची गोष्ट पुढे.

२००७: सगळं होतं, टीम नव्हत्या

पहिल्या वर्षी टोयोटाकडे तीन टीम होत्या. बिल डेव्हिस रेसिंग मध्यम कुवतीची, मायकल वॉल्ट्रिप रेसिंग आणि टीम रेड बुल या मुख्य मालिकेत जवळपास शून्यातून उभ्या राहिलेल्या. इथे एक नियम लक्षात घ्यायला हवा. तेव्हा शर्यतीत ४३ गाड्या असत आणि मालकाच्या गुणांनुसार वरच्या ३५ जणांची जागा पक्की असे. उरलेल्या जागांसाठी बाकीच्यांनी पात्रता फेरीत वेळ काढायची, नाही निघाली तर ट्रक भरून घरी. नव्या टीमकडे आधीच्या वर्षाचे गुण नसतात, म्हणून टोयोटाच्या बहुतेक गाड्या दर आठवड्याला या उरलेल्या जागांसाठी झगडत होत्या. रेड बुलचा ए. जे. ऑलमेंडिंगर ३६ पैकी १७ शर्यतींत उतरू शकला, ब्रायन व्हिकर्स २३. खुद्द वॉल्ट्रिप १४.

आणि हे दुष्टचक्र असतं. शर्यतीत नाही तर लांब धावेचा अनुभव नाही. अनुभव नाही तर टायर झिजल्यावर गाडी कशी वागते ते कळत नाही. ते कळलं नाही तर सेटअप चुकतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पात्रता हुकते. प्रायोजकाचं नाव टीव्हीवर दिसत नाही ते वेगळंच. पात्रता फेरीत गाडी एक-दोन फेऱ्यांसाठी लावलेली असते, शर्यत पाचशे मैलांची. एका गाडीला दोन्ही जमवायला जुनी वही लागते, आणि नव्या टीमकडे वहीच नव्हती.

त्याच वर्षी ‘कार ऑफ टुमॉरो’ ही नॅसकारच्या नव्या नियमांची गाडी आली. २५ मार्चला ब्रिस्टलला ती पहिल्यांदा धावली आणि त्या हंगामात १६ शर्यतींना वापरली गेली, बाकीच्या २० ना जुनी गाडी. म्हणजे प्रत्येक टीमला दोन ताफे बांधावे लागले. आधीच छोट्या ओव्हलला वेगळी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, दीड मैलाच्या ट्रॅकला वेगळी, डेटोना-टॅलाडेगाला वेगळी, वळणांच्या रोड कोर्सला वेगळी. मुरलेल्या टीमने हे रेटून नेलं. पहिल्याच वर्षी कामाला लागलेल्या टीमच्या वर्कशॉपला ते झेपणं अवघड होतं. गंमत अशी की दीर्घ पल्ल्यात याच गाडीचा टोयोटाला फायदा झाला. सगळ्यांची बॉडी एकाच टेम्प्लेटमधून जाऊ लागल्यावर शेवरोले-फोर्डवाल्यांनी विंड टनेलमध्ये, म्हणजे गाडीवर हवेचा झोत सोडून पाहायच्या बोगद्यात, वर्षानुवर्षं साठवलेलं शहाणपण बरंचसं निरुपयोगी ठरलं. २००८ पासून ती गाडी सर्व शर्यतींना सक्तीची झाली.

डेटोना ५०० चा किस्सा तर ठाऊक असेलच. फेब्रुवारी २००७ मध्ये पात्रता फेरीच्या वेळी वॉल्ट्रिपच्या गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये तपासनिसांना नको तो पदार्थ सापडला. क्रू चीफ, म्हणजे गाडीचा तांत्रिक प्रमुख, डेव्हिड हायडर निलंबित, एक लाख डॉलर दंड, ड्रायव्हरचे १०० गुण वजा. वॉल्ट्रिप दुसऱ्या गाडीत बसून ३० वा आला, त्याचे ७३ गुण मिळाले आणि हंगामाची सुरुवात उणे २७ गुणांनी झाली. कंपनीचं पहिलं वर्ष, पहिली शर्यत, आणि गुणतक्त्यात वजाबाकीचं चिन्ह.

फोर्डचा टीममालक जॅक राउश आधीपासूनच ओरडत होता की टोयोटा पैसा ओतून सगळ्यांचा खर्च वाढवेल. २००७ संपेपर्यंत सर्वोच्च मालिकेत टोयोटाचा विजय शून्य होता. तरी राउशचा मुद्दा अगदी पोकळ नव्हता. त्याला पैशाची धास्ती होती आणि पैसा तोवर चुकीच्या ठिकाणी ओतला जात होता, एवढंच. मात्र एक गोष्ट फार लोकांनी टिपली नाही. जुलैत न्यू हॅम्पशायरला बिल डेव्हिसच्या डेव्ह ब्लेनीने पोल, म्हणजे सगळ्यांत पुढची सुरुवातीची जागा, घेतली आणि ऑक्टोबरमध्ये टॅलाडेगाला तो तिसरा आला. इंजिनात दम होता, याची ही खूण.

२००८ साठी जो गिब्स रेसिंग शेवरोले सोडून टोयोटाकडे आली. तीन विजेतेपदं खिशात असलेली टीम, ड्रायव्हर टोनी स्टुअर्ट, डेनी हॅमलिन आणि नवा आलेला काइल बुश. शेवरोलेच्या घरात हेन्ड्रिकची टीम थोरली सून होती, गिब्सला कायम दुसरं पान. टोयोटाकडे त्यांना पहिलं पान मिळालं. ९ मार्च २००८ रोजी, हंगामाच्या चौथ्याच शर्यतीत, अटलांटाला काइल बुश जिंकला. १९५४ च्या जॅग्वारनंतरचा परदेशी नावाचा पहिला विजय. त्या वर्षी एकट्या बुशचे ८ आणि टोयोटाचे मिळून १० विजय झाले. वर्षभरात कॅमरी इतकी बदलली नव्हती. वही बदलली होती.

स्पेसर, चुंबक आणि तीन ग्रॅम

गाडी जिंकायला लागली की खरी परीक्षा सुरू होते, कारण तोवर तिच्याकडे कोणी नीट पाहिलेलं नसतं.

२००८ च्या उन्हाळ्यात दुय्यम मालिकेत, म्हणजे नेशनवाइडमध्ये, टोयोटाचं इंजिन इतरांपेक्षा सरस दिसायला लागलं. जुलैत नॅसकारने टोयोटाला लागू पडेल असा नियम आणला. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बसणाऱ्या स्पेसरच्या चार भोकांचा व्यास सव्वा इंचावरून १.१२५ इंच. आकडा किरकोळ वाटतो. पण हवा व्यासातून जात नाही, क्षेत्रफळातून जाते. १.१२५ भागिले १.२५ म्हणजे ०.९, त्याचा वर्ग ०.८१. भोकाचं क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटलं. ताकद त्या प्रमाणात घटत नाही, कारण इंजिनाला कमी आरपीएमवर एवढ्या भोकाची गरजच नसते. तोटा वरच्या टोकाला जाणवतो, आणि इथे तो १५ ते २० अश्वशक्तीच्या घरात धरला गेला.

ऑगस्टमध्ये मिशिगनच्या शर्यतीनंतर नॅसकारने गाड्या रोलरवर चढवून ताकद मोजली. गिब्सच्या दोन्ही गाड्यांमध्ये ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली पाव इंच जाडीची चुंबकं सापडली. पेडल दाबलं तरी पूर्ण खाली जाणार नाही, थ्रॉटल पूर्ण उघडणार नाही, आकडा कमी येईल, आणि टोयोटावर आणखी बंधन येणार नाही असा हिशेब. तपासनिसाच्या पायाला मात्र फरक लागला. दोन्ही क्रू चीफना अनिश्चित काळासाठी निलंबन आणि प्रत्येकी ५०,००० डॉलर दंड, दोन्ही ड्रायव्हरचे दीडशे-दीडशे गुण गेले. शर्यतीत फसवणूक करून ताकद वाढवणारे खूप पाहिले. मोजणीत ताकद लपवणारे हे वेगळे. पण जिथे ताकदीचं मोजमाप करून नियम बदलतात, तिथे लपवालपवी ओघाने येते. ऑस्ट्रेलियाच्या गोष्टीतही हेच मोजमाप कळीचं आहे.

तीन ग्रॅमची गोष्ट २०१३ ची. २०१२ पासून गिब्सने स्वतःचं इंजिनखातं टीआरडीत विलीन केलं होतं. इंजिनं कोस्टा मेसाहून बंद होऊन येत, टीम ती आतून उघडत नसे. २१ एप्रिलला कॅन्ससला मॅट केनसेथ जिंकला. नंतरच्या तपासणीत त्याच्या इंजिनाच्या आठ कनेक्टिंग रॉडपैकी (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यांपैकी) एक किमान वजनापेक्षा साधारण तीन ग्रॅम हलका भरला. किमान ५२५ ग्रॅम. अर्धा चमचा मीठ. बाकीचे रॉड मर्यादेच्या वर होते, आठांची सरासरी काढली तर इंजिन नियमात बसत होतं. कामगिरीला फायदा शून्य, उलट आठांत एक हलका म्हणजे तोल बिघडायचीच भीती. पण नियमात सरासरी हा शब्द नाही. केनसेथचे ५० गुण, क्रू चीफला दोन लाख डॉलर दंड. चूक इंजिन बांधणाऱ्यांची आहे हे टीआरडीच्या ली व्हाइट यांनी उघडपणे मान्य केलं. अपिलात केनसेथचे गुण ५० वरून १२ वर आले, आणि उत्पादक म्हणून टोयोटाचे मात्र ५ ऐवजी ७ गुण कापले गेले. धडा अगदी वर्कशॉपमधला आहे. गट म्हणून वजन करून चालत नाही. प्रत्येक रॉड काट्यावर, प्रत्येकाचा आकडा कागदावर, आणि मर्यादेच्या इतक्या जवळ जायचंच नाही की काट्याची चूक तुमची चूक ठरेल.

पुढची यशं चटकन सांगतो. २०१५ मध्ये काइल बुश, टोयोटाचा पहिला ड्रायव्हर-विजेता. २०१६ च्या डेटोना ५०० मध्ये हॅमलिनने मार्टिन ट्रूएक्स ज्युनियरला ०.०१० सेकंदाने हरवलं, तोही टोयोटाचाच. त्याच वर्षी उत्पादकांचं पहिलं विजेतेपद. २०१७ मध्ये ट्रूएक्स, फर्निचर रो या डेन्व्हरच्या टीममधून. २०१९ मध्ये पुन्हा बुश. आणि याच्याशी तुलना करा डॉजची. अस्सल अमेरिकी नाव, २०१२ चं विजेतेपद ब्रॅड केसेलोव्स्कीने डॉजवरच जिंकलं. पण पेन्स्केची टीम फोर्डकडे जाणार हे ठरल्यावर डॉजकडे ना मोठी टीम उरली ना इंजिन बांधणारे हात. विजेतेपदाच्याच वर्षी डॉजने सर्वोच्च मालिका सोडली. घरचा पाहुणा झाला आणि पाहुणा घरचा झाला.

ऑस्ट्रेलिया: मुभा मिळाली, तोल गेला

ऑस्ट्रेलियाच्या टूरिंग कार, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांच्या शर्यतीत फोर्ड आणि तिथलंच नाव असलेली होल्डन यांचं वैर हे जवळजवळ आडनावासारखं होतं, घराघरांत वाटलेलं. तिथे परदेशी गाडीचा अनुभव आधी कडू होता. निस्सान स्कायलाइन जीटी-आर, लोकांच्या तोंडी ‘गॉडझिला’, चारचाकी ओढ आणि दोन टर्बो. १९९० ते १९९२ सलग तीन विजेतेपदं. १९९२ मध्ये वजन लादून, टर्बोचा दाब आवळूनही बाथर्स्टची मोठी शर्यत तिनेच जिंकली. पावसाने शर्यत थांबवली तेव्हा जिम रिचर्ड्सची गाडी आपटून बसलेली, तरी आधीच्या फेरीच्या क्रमाने तोच विजेता. गर्दीने हुर्यो उडवली आणि रिचर्ड्सने मंचावरूनच गर्दीला शेलक्या शब्दांत ऐकवलं. १९९३ पासून नियम असे झाले की पुढे पाच लिटरच्या व्ही-८ फोर्ड-होल्डनचंच राज्य.

२०१३ मध्ये ‘कार ऑफ द फ्युचर’ या नियमांनी दार पुन्हा उघडलं. चासी सगळ्यांची सारखी, मागे गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र, १८ इंची चाकं, इंधन ई८५, म्हणजे बहुतांश इथेनॉल. इंजिन पाच लिटर व्ही-८, ७,५०० आरपीएमची मर्यादा. पण रचना उत्पादकाची चालेल. फोर्ड-होल्डन पुशरॉडवर राहिले. केली बंधूंच्या टीमने चार निस्सान अल्टिमा आणल्या, निस्सानच्याच ५.६ लिटरच्या चार कॅम, ३२ व्हॉल्व्हच्या इंजिनाला पाच लिटरवर आणून. एरेबस या टीमने मर्सिडीज ई६३ आणली, एएमजीचं ६.२ लिटरचं इंजिन पाचवर उतरवून. २०१४ मध्ये गॅरी रॉजर्सच्या टीमने व्होल्व्हो एस६० आणली, यामाहाने व्होल्व्होसाठी बनवलेलं ४.४ चं व्ही-८ पाचपर्यंत फुगवून.

कागदावर चार व्हॉल्व्हचं इंजिन पुशरॉडला सहज मागे टाकेल. पण चार व्हॉल्व्हचा फायदा वरच्या आरपीएमला, जिथे हवा भरभरून आत घ्यायची असते. मर्यादा ७,५०० ची, म्हणजे फायदा सुरू होतो तिथेच लगाम. तोटे मात्र पूर्ण पदरात. चार कॅमशाफ्ट आणि रुंद हेड यांचं वजन इंजिनाच्या वरच्या भागात बसतं. गाडीचं एकूण वजन तितकंच भरलं तरी गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणात बाहेरच्या टायरवर जास्त भार येतो. टायर आधी थकतो.

दुसरा घोटाळा मोजमापाचा. समानता राखायला इंजिनाची ताकद ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यात मोजून, त्याला भार देऊन एक सरासरी काढत. ही सरासरी जुळली की इंजिनं समान. पण ताकदीच्या दोन वक्रांची (आलेखांची) सरासरी एक असून आकार वेगळा असू शकतो. वळणातून बाहेर पडताना पाच हजारांवर पायाखाली काय आहे ते त्या एका आकड्यात दिसत नाही. आणि इंधन किती प्यायलं ते तर त्यात नसतंच. निस्सानला पहिल्या हंगामात हे भोवलं. लांब शर्यतीत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, इंधन भरायला लागणारे सेकंद थेट निकालात दिसतात. फेरीला थोडं जास्त पिणारी गाडी ट्रॅकवर बरोबरीत धावते आणि पिटमध्ये हरते. ई८५ मध्ये ऊर्जा कमी असल्याने लिटरचे आकडे मुळातच मोठे, त्यामुळे फरकही मोठा.

विजय आलेच नाहीत असं नाही. जेम्स मोफॅटने २०१३ मध्ये विंटनच्या ट्रॅकवर निस्सानला जिंकवलं, ली होल्ड्सवर्थने २०१४ मध्ये तिथेच मर्सिडीजला. व्होल्व्होचं इंजिन तिघांत सगळ्यात बेतशीर होतं आणि त्यांच्याकडे स्कॉट मॅकलॉफलिन होता. २०१६ मध्ये तो गुणतक्त्यात तिसरा आला. पण मर्सिडीजच्या स्थानिक कंपनीने एरेबसच्या प्रकल्पापासून अंतरच राखलं होतं, खर्च एरेबसच्या मालकीण बेटी क्लिमेन्को यांच्या टीमचा. २०१६ मध्ये एरेबसने होल्डन कमोडोर घेतली आणि पुढच्याच वर्षी रेनल्ड्स-यूल्डन जोडीने त्या गाडीवर बाथर्स्ट १००० जिंकली. व्होल्व्हो २०१६ अखेर गेली, निस्सानचा कारखाना-पाठिंबा २०१८ ला संपला. आणि २० ऑक्टोबर २०१७ ला होल्डननेच ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं बंद केलं, फोर्डने त्याच्या वर्षभर आधी. ‘घरची’ गाडी उरलीच नाही. २०२३ पासूनची लढत फोर्ड मस्टँग आणि शेवरोले कॅमारो यांची, दोन्ही अमेरिकेतून येणाऱ्या. त्यांच्यातही तेच भांडण. मस्टँगचं ५.४ लिटरचं चार कॅमचं, कॅमारोचं ५.७ लिटरचं पुशरॉड. वाद एवढा पेटला की दोन्ही गाड्या नॉर्थ कॅरोलायनातल्या विंडशिअर विंड टनेलमध्ये नेऊन मोजाव्या लागल्या, म्हणजे नॅसकारवाल्यांच्या अंगणात.

आता २०२६ च्या हंगामासाठी त्याच मालिकेत टोयोटा जीआर सुप्रा. टीम निवडली ती वॉकिन्शॉची, तिथे दशकानुदशकं मुरलेली, जोडीला ब्रॅड जोन्स रेसिंग. रस्त्यावरच्या सुप्रात बीएमडब्ल्यूचं तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन असतं. शर्यतीतल्या सुप्रासाठी लेक्ससच्या पाच लिटरच्या व्ही-८ वरून बांधलेलं इंजिन घेतलंय, चार कॅमचंच. त्याचा वक्र कॅमारोच्या पुशरॉडशी कसा जुळवला जातो आणि टाकीतून लिटर किती जातात, लक्ष तिथे ठेवायचं.